०.५एक्सने खोल्यांचे फोटो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरांच्या जाहिरातींसाठी मी फोनच्या अल्ट्रावाइड लेन्सने (कॅमेऱ्यातलं ०.५एक्स, नेहमीच्या १एक्सपेक्षा जास्त रुंद दृश्य टिपणारी) फोटो काढतो. तिची आकडेवारी सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून थेट तक्रारीवर येतो. पंखा! ०.५एक्सवर कोपऱ्यातून फोटो काढला आणि पंखा फ्रेमच्या वरच्या कडेला आला, की तो लंबगोल झालाच. गोल बेसिन अंड्यासारखं दिसतं आणि कडेचा पलंग दीड माणसाच्या लांबीचा. वाकलेल्या भिंती सरळ करण्याच्या नादात फोन कडेचं सगळं ताणतो. सेटिंगमध्ये जाऊन ही दुरुस्ती, म्हणजे लेन्स करेक्शन, बंद केलं, तर भिंतींना पोट सुटतं. घर बघायला येणारा दारातच म्हणतो, "फोटोत हॉल मोठा वाटला होता." झाली फेरी फुकट.

याच रागात या लेन्सला आधी दिलेल्या चार ताऱ्यांचे तीन केले होते. आता पुन्हा चार करतोय, ते ०.७एक्समुळे. ०.५ आणि १ यांच्या मधला कुठलाही आकडा म्हणजे त्याच लेन्सचं चित्र कापून दिलेलं. एरवी मी अशा डिजिटल झूमच्या वाटेला जात नाही, पण इथे नेमका ताणलेला भागच कापला जातो. १२ मेगापिक्सेलचे जेमतेम ६ उरतात. जाहिरातीच्या साइट फोटो दाबून बारीक करतातच, त्यामुळे तोटा दिसत नाही. फोनमध्ये ०.७ नसेल तर ०.५वर काढून चारही बाजूंनी १४-१४ टक्के कापा. पंखा गोल होतो. (अगदी कडेला असेल तर थोडा चपटा राहतोच.)

दुसरा घोळ लेन्सचा नाही, हाताचा आहे. छत कमी दिसावं म्हणून लोक फोन खाली झुकवतात आणि कपाटं तळाशी एकमेकांकडे झुकतात. झुकवायचा नाही, फोनच खाली आणायचा. साधारण १.२ मीटर उंची पुरते. स्वयंपाकघरात १.४, नाहीतर ओट्याचा पृष्ठभाग दिसत नाही, नुसती कड दिसते. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करून उभी रेघ दाराच्या चौकटीशी जुळवा.

कमी उजेडात ही लेन्स मुख्य कॅमेऱ्यापेक्षा कच्ची आहे, सावलीत दाणे येतात. म्हणून स्टँड आणि ३ सेकंदांचा टायमर. महागडा स्टँड नको. फोन हलला नाही म्हणजे झालं. दिवसा दिवे बंदच ठेवा. ३००० केल्विनचा पिवळा बल्ब आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की एकच भिंत दोन रंगांची दिसते. रात्री एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतात) शटरचा वेळ १/१०० सेकंद ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२०.

जाहिरातीचा पहिला फोटो मात्र १एक्सवरच, दाराबाहेर मागे सरकून. यादीत तो टिकलीएवढा दिसतो; त्यात पाच वस्तू कोंबल्या तर एकही ओळखू येत नाही.