पिवळ्या चिठ्ठीऐवजी बिटवॉर्डन

आमच्या लेखा विभागात पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर असत आणि ते बदलण्याची सक्ती झाली की शेवटचा आकडा तेवढा एकाने वाढे. ही खोड मोडावी म्हणून मी बिटवॉर्डन हे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत जपणारे ॲप वापरायला घेतले, त्याला आता वर्ष होईल. मोफत योजनेतही पासवर्डच्या किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही, त्यामुळे कार्यालयातील संगणक आणि खिशातील फोन या दोन्हींवर तीच तिजोरी उघडते.

मला सर्वाधिक पटलेला गुण मात्र वेगळाच आहे. पासवर्ड ज्या संकेतस्थळासाठी जतन केला असेल, त्याच पत्त्यावर तो भरण्यासाठी पुढे येतो. मार्चअखेरच्या घाईत ‘परतावा मंजूर’ अशा ईमेलमधील दुव्यावरून मी आयकर खात्याच्या हुबेहूब नकली पानावर पोहोचलो, तेव्हा तिजोरीने काहीच सुचवले नाही. म्हणून पत्ता नीट वाचला, तर ‘गव्ह डॉट इन’च्या पुढे आणखी एक शेपूट होते.

ही तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड विसरल्यास कंपनीही तो सांगू शकत नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच. मी तो कागदावर लिहून घरच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला आहे (पत्नीला ही शेजारसोबत मुळीच पसंत नाही). मोफत योजनेत सामायिक तिजोरी दोघांपुरतीच असते. आमच्या पाचजणांना ती अपुरी पडते, म्हणून सशुल्क योजनेचा प्रस्ताव सध्या साहेबांच्या टेबलावर आहे.