आठ महिने फोर्टनाइट बिल्ड मोड: उंची मिळते, लाकूड पुरत नाही

आधीच सांगतो, मी काही भारी प्लेअर नाही. वय २९, दिवसभर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या ऑर्डरींचा हिशोब आणि रात्री जेवण झालं की खेळ. गेले आठ महिने आठवड्यातले चार-पाच दिवस फोर्टनाइटचा बिल्ड मोड खेळतोय, म्हणजे शेवटपर्यंत टिकायचा तो ऑनलाइन गोळीबाराचा खेळ, त्यातला बांधकाम करत लढायचा प्रकार. बहुतेक रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या मॅचा. त्याआधी फ्री फायर खेळायचो. तिथं ग्लू वॉल, म्हणजे आडोशाची भिंत, टाकायची सवय होती, त्यामुळं वाटलं, इथं भिंती जरा जास्त असतील, एवढंच. तो गैरसमज पहिल्याच आठवड्यात उतरला.

शूटिंगबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त सामानाबद्दल लिहितो, कारण माझ्या निम्म्या मॅचा गोळ्या चुकल्यामुळं नाही, लाकूड संपल्यामुळं हरल्यात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. लाकूड, विटा आणि लोखंड असं तीन प्रकारचं सामान असतं. झाडं, दगड, गाड्या कुदळीनं फोडून ते जमवायचं. भिंत असो, फरशी असो, रॅम्प (वर चढायचा उतार) असो की कोन (डोक्यावरचं टोकदार छप्पर), एक पीस उभा करायला दहा लागतात. पूर्वी प्रत्येकी ९९९ पर्यंत धरता यायचं, रँक्डमध्ये आता ५००. म्हणजे तिन्ही खिसे गच्च भरले तरी १५० पीस. ऐकायला भरपूर वाटतं. वर चढायची नेहमीची पद्धत, जिला सगळे नाइंटी म्हणतात, तिच्या एका वळणाला दोन भिंती, एक फरशी आणि एक रॅम्प जातो. एक मजला, चाळीस लाकूड. ५०० लाकडात बारा मजले, तेही समोरच्यानं एकही गोळी झाडली नाही तर. आणि तो झाडतोच. त्यानं फोडलेली प्रत्येक भिंत परत लावायची म्हणजे आणखी दहा.

मग उंची हवीच कशाला? वरचा एक पाऊल मागं सरकला की गायब होतो, खालचा मात्र ताटात वाढल्यासारखा दिसतो. वरून पूर्ण अंग दिसतं, खालून फक्त टाळू. आम्हा सोलापूरकरांना उंचीची सवयच नाही म्हणा, आमचा किल्लासुद्धा भुईकोट. तरी एकदा वरून खाली बघायची चटक लागली की माणूस सोडत नाही, आणि तिथंच दिवाळं निघतं.

दुसऱ्या महिन्यातली एक मॅच अजून आठवते. शेवटचे सात जण उरलेले, माझ्याकडं ५०० लाकूड, साठ विटा, लोखंड शून्य. शेजारी एक जण विटांच्या डब्यात गप्प बसलेला. चार भिंती, फरशी, वर कोन, म्हणजे साठ विटांत त्याचं घर झालं. मी म्हटलं, याच्या डोक्यावर जातो. सहा मजले धडाधड चढलो, २४० गेले. मध्ये दुसराच कुणीतरी लांबून माझ्या भिंती फोडत होता, त्या बदलण्यात नव्वद. घाबरून बटण दाबून धरलं तर टर्बो बिल्डिंगनं तीन-चार रॅम्प हवेत नको तिथं काढून ठेवले. वर पोचून आकडा बघतो तर दीडशेच्याही आत. खाली डब्यातल्या गड्यानं खिडकी उघडली, माझ्या मनोऱ्याचा पाय फोडला. पाय दोनच पीसवर होता. सगळं कोसळलं आणि सहा मजल्यांवरून मी खाली. त्याची एकही गोळी मला लागलेली नव्हती. शेजारी बसलेला चुलतभाऊ, वय १५, एवढंच म्हणाला, “दादा, वास्तुशांत राहिली की.”

हा दोष माझा होताच, पण त्याचं मूळ सरावात होतं. पहिले दोन महिने मी रोज क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे लोकांनी स्वतः केलेल्या मॅपच्या विभागात, सराव करायचो. तिथल्या बहुतेक मॅपवर सामान अमर्याद असतं. हात वेगवान होतो यात शंका नाही, पण खर्च करायची सवय लागते आणि राखायची लागत नाही. व्हिडिओत बघून शिकणारी सगळी पोरं याच खड्ड्यात पडतात. बोटं नाइंटी मारतात, डोळा आकड्याकडं जातच नाही. २०१९ च्या जुलैमध्ये न्यू यॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियममध्ये सोळा वर्षांच्या बुगा नावाच्या प्लेअरनं फोर्टनाइटचा वर्ल्ड कप मारून तीस लाख डॉलर नेले, त्यामुळं आमच्या चुलतभावाला वाटतं, अजून एक वर्ष हातात आहे. असो.

मला हिशोब शिकवला तो कुठल्या व्हिडिओनं नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आईची तीन पिंपं आहेत. वापरायचं वेगळं, धुण्याचं वेगळं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या तिसऱ्याला घरात कुणी हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी. मी तेच खेळात लावलं. लाकूड म्हणजे वापरायचं पिंप. विटा झाकायला आणि बसायला. लोखंड तिसरं पिंप, त्याला शेवटच्या दोन झोनपर्यंत हात नाही (झोन म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा).

यामागं कारणही आहे. पूर्ण भरलेली लाकडी भिंत १५० ची, विटांची ३००, लोखंडाची ५००. पण लोखंड भरायला फार वेळ घेतं, आणि लावल्या लावल्या ते कच्चंच असतं. पळता पळता लोखंडी रॅम्प टाकणं म्हणजे ओल्या सिमेंटवर उभं राहणं. लाकूड पटकन भरतं, म्हणून चढायला लाकूडच. लोखंड जिथं थांबायचंय तिथं, आणि गोळीबार सुरू व्हायच्या आधी लावायचं.

सामान गोळा करण्यात मला आता मजा येते, हे लिहायला जरा लाज वाटते. कुदळ मारताना झाडावर निळा गोल दिसतो, त्यावर बरोबर घाव बसला की दुप्पट चालतं. झाड शेवटच्या घावापर्यंत तोडायचं नाही, थोडं राखून पुढं जायचं. डोळ्यांदेखत झाड नाहीसं झालं की लांबच्या माणसाला कळतं इथं कुणीतरी आहे. उतरल्यावर शंभरेक लाकूड झाल्याशिवाय मी आता भांडणात पडत नाही. आणि भांडण जिंकलं की पडलेल्याच्या बंदुकीआधी त्याचं सामान बघतो. निम्मी भरती तिथंच होते.

चढण्यातही बदल केला. आधी समोरच्याच्या रॅम्पवर चढता येतंय का बघतो, फुकटची पायरी. आपलंच बांधकाम एडिट करायला काही लागत नाही, म्हणून नवीन भिंत लावण्यापेक्षा आहे त्यातून दार काढतो. तो वर निघालाच तर त्याच्या डोक्यावर एक फरशी आणि एक कोन. वीस लाकडात त्याचे चाळीस-ऐंशी वाया जातात, कारण त्याला वळसा घालावा लागतो. आणि स्वतः वर जायचं तर शेवटी, बाकीच्यांचं सामान आटल्यावर. शेवटचे झोन सरकायला लागले की प्रत्येक पावलाला तीन-चार पीस जातात, तेव्हा दीडशे लाकूड हातात असलेला माणूस सावकार असतो.

आता तक्रारी. पिंग ही मोठी, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ. मी मिडल ईस्ट सर्व्हरवर खेळतो, आमच्याकडं ८५ ते १०० मिलिसेकंदांच्या मध्ये असतो. भिंत फुटल्यावर त्या जागी आधी कुणाची लागते, यावर निम्मी लढाई ठरते, आणि त्यात कमी पिंगवाला जिंकतो. तीच भिंत तीनदा मागायला गेलो तरी ती त्याचीच राहते. म्हणून भिंतीच्या भांडणात मी पडतच नाही, दुसऱ्या बाजूनं निघतो. ज्याला हे जमत नाही त्यानं बिल्ड मोडमध्ये चिडचिडच करावी लागेल.

दुसरी तक्रार खेळाची नाही, गल्लीची. आम्ही पूर्व भागात राहतो. शेजारच्या खोलीत यंत्रमाग आहेत, रात्रपाळी असली की खटकखट चालूच. हेडफोनमधून पावलांचा आवाज ओळखायचा म्हणतात, मला मागाचा धोटा आणि शत्रूचे बूट यांतला फरक ओळखायला महिना लागला. आवाज दृश्यात दाखवायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो लावल्यावर सुटलो.

माऊसचंही एक सांगतो. कंपनीचं नाव नको. बाजूच्या बटणावर रॅम्प ठेवला होता, चौथ्या महिन्यात ते बटण एका दाबाला दोनदा लागायला लागलं. आठवडाभर मला वाटत होतं माझाच हात सुटलाय. सगळं लाकूड कुठं जातंय कळेना. शेवटी रॅम्प कीबोर्डवर घेतला आणि टर्बो बिल्डिंगही बंद करून बघितली. वेग थोडा गेला, पण मॅचमागं साठ-सत्तर लाकूड उरायला लागलं. आता ती परत चालू आहे, बोट मात्र सुधारलंय.

पीसी जुना आहे, जीटीएक्स १६५० आणि ८ जीबी रॅम. परफॉर्मन्स मोडवर खेळ छान चालतो, दिसायला मात्र सगळं प्लास्टिकचं. पैसे एकही रुपया घातला नाही, आणि घातले असते तरी फक्त कपडे मिळाले असते, लाकूड नाही. हे मला मनापासून आवडलं.

डोक्याला ताप नको असेल तर मार्च २०२२ पासून बांधकाम नसलेला झिरो बिल्ड मोड आहे, निवांत खेळा. माझा एक मित्र तिकडंच असतो. मला म्हणतो, “काय बे, गवंडी झालास की!” त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, हे खरं.

सध्या चुलतभावानं आणि मी क्रिएटिव्हमध्येच आमचा वेगळा मॅप केलाय. सेटिंगमध्ये अमर्याद सामान बंद, दोघांना दोनशे लाकूड आणि शंभर विटा. संपलं की संपलं, कुदळ घेऊन या. पाच डाव. नळ यायच्या आदल्या रात्री खेळतो, हरेल त्यानं पहाटे उठून पिंपं भरायची. या महिन्यात तीनदा मीच भरली.