ऑफिसच्या संवादासाठी स्लॅक: थ्रेड वापरणार असाल तरच घ्या

स्लॅक या टीमसाठीच्या मेसेजिंग अ‍ॅपची खरी ताकद थ्रेडमध्ये, म्हणजे एखाद्या संदेशाखाली जोडलेल्या उत्तरांच्या साखळीत आहे. संदेशाचं उत्तर त्याच्याखालीच दिलं की चॅनल (टीमचा किंवा विषयाचा सामायिक गट) वाचण्याजोगं राहतं. निर्णय झाल्यावर तो चॅनललाही पाठवण्याच्या चौकटीत टिक करायची, म्हणजे चर्चेत नसलेल्यांनाही कळतो. हे न पाळणाऱ्या टीममध्ये तीन विषय एकमेकांत गुंततात आणि नंतर शोधूनही नेमकं उत्तर हाती लागत नाही.

‘@चॅनल’ सगळ्या सदस्यांना सूचना पाठवतं, ‘@हिअर’ फक्त त्या वेळी सक्रिय असलेल्यांना. बहुतेक वेळा दुसरं पुरतं. पहिल्याचा अतिवापर झाला की लोक चॅनल म्यूट करतात आणि खरोखर तातडीचा निरोपही हुकतो. रात्री सुचलेलं काम पाठवा बटणाशेजारच्या बाणातून सकाळसाठी शेड्यूल करता येतं. ही सोय फारच कमी वापरली जाते.

मोफत योजनेत मागच्या 90 दिवसांचेच संदेश दिसतात. त्यामुळे मंजुऱ्या आणि करारातले बदल ईमेलवरच ठेवा. सर्वांत घातक सवय म्हणजे खासगी संदेशांत निर्णय घेणं. नव्या सहकाऱ्याला चॅनलमधला इतिहास वाचता येतो, खासगी गप्पांमधला नाही.