पावसाळ्यात बाळ येतंय: सुती लंगोट, कापडी डायपर की डिस्पोजेबल?

आठवा महिना लागला की प्रत्येक घरात हा विषय निघतोच आणि जो तो आपलंच खरं करतो. आई आणि सासूबाई लंगोट म्हणतात, ऑफिसातले नवे बाबा डिस्पोजेबल म्हणतात, बायकोच्या मैत्रिणी कापडी डायपरच्या लिंका पाठवत राहतात. आम्ही तिन्ही वापरलंय. आमची लेक जुलैच्या मध्यात झाली, पुण्यात, ऐन झिमझिमीच्या दिवसांत, आणि बायको बाळंतीण असताना बाळाचं सगळं धुणं माझ्याकडे होतं, त्यामुळे माझं मत हे धुणाऱ्याचं मत आहे एवढं लक्षात ठेवून वाचा. तुमची तारीख डिसेंबर-जानेवारीतली असेल तर माझा मुख्य मुद्दा तुम्हाला फारसा लागू नाही.

एक स्पष्ट करतो, कापडी डायपर म्हणजे मी ते बाहेरून वॉटरप्रूफ कव्हर, पुढे टिचबटणं आणि आत घालायचा जाड इन्सर्ट असलेले म्हणतोय. लंगोट म्हणजे आपला साधा मलमलचा, बांधायच्या नाड्या म्हणजे बंद असलेला किंवा चौकोनी तुकड्याची त्रिकोणी घडी करून बांधायचा. बाकी माहिती पाकिटावर असतेच.

आधी डिस्पोजेबल, कारण त्याबद्दल कमी बोलायचंय. रात्रीसाठी याला तोड नाही, हे आमच्या घरात लंगोटाच्या सगळ्यात कट्टर समर्थक असलेल्या सासूबाईंनीही मान्य केलं. टाके ताजे असताना बाईने रात्रीत आठ वेळा उठून बाळाचं बूड बदलावं असा हट्ट कुणी धरू नये, दर दोन-तीन तासांनी पाजायला तर ती उठतेच. हॉस्पिटलमध्येही पहिले दोन दिवस डिस्पोजेबलच बरा, कारण सुरुवातीची शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते, लंगोटातून ती निघता निघत नाही आणि हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये ते धुणार कोण. बुडाला आधीच थोडं तेल लावून ठेवलं तर पुसायला सोपं जातं. फक्त एनबी म्हणजे न्यूबॉर्न साइजचं मोठं पाकीट आणून ठेवू नका. ते साधारण पाच किलोपर्यंत चालतात आणि बाळं पहिल्या महिन्यांत रोज वीस-तीस ग्रॅम वाढतात, बघता बघता मांडीवर वळ उठायला लागतात आणि उरलेले डायपर कुणाला द्यायचे हा प्रश्न पडतो. लहान पाकीट घ्या, संपलं की दहा मिनिटांत घरी येतं आजकाल. सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे थोडा फरक पडतो, पण दिवसरात्र हेच वापरायचे म्हटलं तर महिन्याचा आकडा तरीही डोळ्यात भरतोच.

आणि एक, जे मला मनापासून वाटतं म्हणून लिहितो. वापरलेला डायपर नुसता गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी लाल ठिपक्याची मोहीम सुरू केली होती, डायपर किंवा पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडून न बघताच आत काय आहे ते त्यांना कळतं. 2016 च्या घनकचरा नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा असं म्हटलं होतं. दिवसाला आठ-दहा डायपर निघणार असतील तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार आहेत, आणि हा विचार करूनच आम्ही दिवसा डिस्पोजेबल नको असं ठरवलं.

मग दिवसासाठी राहिले दोन, आणि खरी निवड इथेच आहे.

कापडी डायपर मला आवडायचे होते, खरं सांगतो. दिसायला सुंदर, एकदा खर्च केला की दोन वर्षं बघायला नको, धाकट्याला पण चालतात. एकाची किंमत साधारण तीनशे-चारशेच्या पुढे, पण डिस्पोजेबलचा हिशोब मांडला तर ते वसूल होतात हे पटतं. आता अडचण. फ्री साइज म्हणून जे मिळतात ते पाच किलोच्या पुढे असं लिहिलेले असतात आणि आपल्याकडची बाळं जन्मतात पावणेतीन-तीन किलोची, मांड्या काडीएवढ्या, सगळी बटणं आत घेतली तरी मांडीपाशी फट राहते आणि तिथून सगळं बाहेर. नवजात साइजचे वेगळे मिळतात पण ते जेमतेम दोन महिने जातात, म्हणजे वसूल होण्याचा मुद्दाच गेला. नाळ पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, बेंबीवर काही घासू द्यायचं नसतं आणि हे डायपर पुढून जाड आणि उंच असतात, खाली दुमडले की नीट बसत नाहीत. पण हेही मी चालवून घेतलं असतं, कारण बाळ वाढतंच.

मला नाही चालला तो इन्सर्ट, आणि तोही फक्त एका कारणाने. तो वाळत नाही.

कव्हर वाळतं, त्याबद्दल तक्रार नाही, पंख्याखाली टाकलं की दुपारपर्यंत कोरडं. इन्सर्ट म्हणजे तीन-चार थर एकत्र शिवलेले, पाणी धरून ठेवण्यासाठीच बनवलेले, मग ते पाणी सोडणार कसं. सकाळी मशीनमधून काढून दांडीवर टाकायचे, संध्याकाळी हात लावला तर वरून कोरडे. घडी करून गालाला लावून बघायचं, तर मधल्या थरात गार लागतं. म्हणजे अजून ओल आहे. परत पंख्याखाली. रात्रभर पंखा, आणि बाळंतिणीच्या खोलीत पंखा लावायचा नाही म्हणून हॉलमधला, दुसऱ्या दिवशी परत गालाला लावायचं आणि शिवणीपाशी अजून दमट. घाईत तसाच वापरला की बाळाने शू केल्यावर तो कुबट वास असा काही उठतो की आधी वाटतं धुतलाच नाहीये. जुलैमध्ये आमच्या बाल्कनीत ऊन म्हणजे आलं तर आलं, आणि आलं की सगळी सोसायटी एकदम चादरी घेऊन बाहेर. हे इन्सर्ट कितीही घ्या, आज धुतलेले परवा वापरायचे असा हिशोब धरला तर जेवढे लोक सांगतात त्याच्या दुप्पट लागतात, म्हणजे परत पैसे.

आणि त्यांना इस्त्री करता येत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला ठळकपणे सांगतो. इन्सर्ट मायक्रोफायबरचा असेल तर ते सिंथेटिक, कडक इस्त्री लागली की खराब होतं, आणि वॉटरप्रूफ कव्हरला तर इस्त्री दाखवायचीसुद्धा नाही. बांबूवाल्यांना कोमट इस्त्री चालते म्हणतात पण तेवढ्याने आतला थर वाळत नाही, वरचा फक्त गरम होतो. थोडक्यात पावसाळ्यात आपल्याकडे कपडा वाळवायचा जो हुकमी उपाय आहे तोच इथे बंद.

लंगोटाचं नेमकं उलट. एका पदराचं कापड, पिळून झटकून दांडीवर टाकलं की चार-पाच तासांत नव्वद टक्के काम होतं आणि उरलेलं इस्त्री करते. संध्याकाळी लेक झोपली की मी इस्त्री घेऊन बसायचो, दमट लंगोटावर फिरवली की बारीक वाफ निघते, दुसऱ्यांदा फिरवली की निघत नाही, वाफ थांबली म्हणजे कोरडा, गालाला लावून बघायची गरजच नाही. कडकडीत गरम गठ्ठा घडी करून ठेवायचा, की सकाळची चिंता मिटली. सासूबाई चिपळूणच्या, तिकडचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, त्यांनी त्यांची तिन्ही मुलं लंगोटावर आणि शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवून काढली. त्यांना हा प्रश्न प्रश्न वाटतच नव्हता.

दुसरी गोष्ट, जी मला आधी अजिबात महत्त्वाची वाटली नव्हती. पांढऱ्या लंगोटावर सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यात डॉक्टर एकच विचारतात, शू किती वेळा करते? पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी व्हायला हवी, म्हणजे दूध पोटात जातंय हे कळतं. डिस्पोजेबलवर ती पिवळी रेघ निळी होते हे खरं, पण एकदा झाली की दोनदा केली का तीनदा ते कळत नाही. लंगोट बदलला की मोजायला वेगळं काही करावं लागत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग दिसतो, आपल्याला वाटतं रक्तच आलं, ते लघवीतले युरेटचे कण असतात आणि दूध नीट सुरू झालं की जातात, मात्र पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिले तर डॉक्टरांना दाखवा. मुलींना पहिल्या आठवड्यात कधी कधी थेंबभर रक्तही दिसतं, आईच्या हार्मोन्समुळे, आमच्याकडे दिसलं, आणि सासूबाई शांत होत्या म्हणून आम्ही शांत राहिलो.

लंगोटाची बाजू घेतोय म्हणून त्याचे त्रास लपवत नाही. नवजात बाळ दिवसाला पंधरा-वीस वेळा शू करू शकतं आणि प्रत्येक वेळी लंगोट बदलायचा, खालचं दुपटं बदलायचं, कधी झबलंही. मेणकापड अंथरलं तरी त्यावर दुपटं लागतंच, प्लॅस्टिकवर थेट झोपवायचं नाही. घरात पाहुणे आले आणि त्यांनी हौसेने बाळ मांडीवर घेतलं की आपल्याला धाकधूक. कामाच्या मावशींना हे धुणं सांगायचं असेल तर आधी विचारा आणि वेगळे पैसे द्या, गृहीत धरू नका. घरात धुवायला आणि इस्त्री करायला एक माणूस मोकळं नसेल तर लंगोटाचा आग्रह शेवटी बाळंतिणीच्याच अंगावर येतो, आणि तसं होणार असेल तर मी म्हणेन की बिनधास्त डिस्पोजेबल वापरा आणि दर तीन-चार तासांनी बदलत रहा.

धुण्याबद्दल दोनच गोष्टी. कपडे मऊ करणारं ते सुवासिक लिक्विड लंगोटालाही नको आणि इन्सर्टला तर नकोच, त्याने कापड पाणी शोषत नाही. आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्यायचं, बऱ्याचदा पुरळ डायपरचा म्हणतात तो साबणाचा असतो असं मला तरी वाटतं.

आता खरेदी. बऱ्याच घरांत बाळ यायच्या आधी बाळाचं काही आणायचं नाही असा रिवाज असतो, आमच्याकडेही होता, आणि त्यावरून वाद घालायची वेळ ही नव्हे, बायको आधीच थकलेली असते. लंगोटाने हा प्रश्नही परस्पर सुटला. सासूबाई येतानाच आजेसासऱ्यांची जुनी धोतरं आणि स्वतःच्या वापरून मऊ झालेल्या सुती साड्या घेऊन आल्या, दुपारी बसून तुकडे फाडले, कडा दुमडून शिवल्या. विकत काहीच आणलं नाही त्यामुळे कुणाचा रिवाज मोडला नाही, आणि त्या जुन्या सुताचा मऊपणा नव्या कापडाला नाहीच. जुनं कापड नसेल तर मीटरवर मलमल घ्या, किंवा तुळशीबागेत तयार लंगोट, झबली, टोपडी डझनावर मिळतात. नवे असतील तर दोनदा धुऊन मगच वापरा, खळ जायला हवी. बंदवाले घेतले तर गाठ कडेला मारा, पोटावर नको, आणि नाळ असेपर्यंत घडी बेंबीच्या खाली.

किती घ्यायचे विचाराल तर पावसाळ्यासाठी तीन डझन लंगोट आणि डझनभर दुपटी, शिवाय रात्रीसाठी एनबीचं एक छोटं पाकीट. हॉस्पिटलच्या बॅगेत डिस्पोजेबल आणि चार-पाच लंगोट दोन्ही टाका, काही ठिकाणच्या सिस्टर लंगोटच मागतात.

तुम्ही सोलापूरकडचे असाल किंवा घरात ड्रायर असेल तर कापडी डायपर माझ्या अनुभवापेक्षा बरेच चांगले ठरतील, माझ्या मावसभावाच्या घरी मे महिन्यात ते तीन तासांत खडखडीत वाळायचे आणि तो त्यांच्यावर खूश आहे. आम्हीही दिवाळीनंतर, लेक पाच-सहा किलोची झाल्यावर, बाहेर जाताना तेच वापरायला लागलो. तेव्हा कुणी आहेर म्हणून सेट देणार असेल तर नको म्हणू नका, मोठ्या साइजचा मागा आणि ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत पाकीट फोडू नका.