माणसं मोजायची की घरं?

विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांना वस्तीत आवर घालायच्या दोन रीती आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेअर गावाने माणसं मोजली: रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं नसेल तर एका घरात दोघांहून जास्त नकोत. स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे सहा विद्यार्थी तिथे एकत्र राहत होते. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७४ मध्ये गावाचा नियम टिकला.

ऑक्सफर्ड घरं मोजतं. तिथे २०१२ पासून साधं घर तीन ते सहा बिननात्याच्या भाडेकरूंना द्यायचं तर नगर परिषदेची नियोजन परवानगी (घराचा वापर बदलायची मंजुरी) लागते. रस्त्यावर दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंत अशी घरं २० टक्क्यांहून जास्त होणार असतील, तर ती सहसा मिळत नाही.

मला ऑक्सफर्डची रीत कितीतरी न्याय्य वाटते. गोंगाट, कचरा, पार्किंग या शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्याच आहेत, पण त्यांचा नात्याशी काय संबंध? दहा जणांचं कुटुंब चालतं आणि तीन शांत मैत्रिणी चालत नाहीत, हे कसं पटावं? बेल टेअरच्या खटल्यातले एक न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या भिन्नमतात ही विसंगती दाखवली होती.

मर्यादेमुळे घरं कमी पडली, तर भाडं मात्र विद्यार्थ्यांनाच जड जातं. ऑक्सफर्डला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी करारावर सही करण्याआधी घरमालकाकडे असं घर भाड्याने द्यायचा परवाना आहे का, हे विचारावंच.