शिवाई: पुणे–नगर मार्गावरील विजेची एसटी
१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस ज्या पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर महामंडळाने १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी शिवाई सुरू केली, ही निवड मला फार समर्पक वाटते. इंजिनाची घरघर नसल्याने मागच्या आसनावरही हलक्या आवाजात बोलता येते आणि थांब्यावर उभ्या प्रवाशांच्या तोंडावर डिझेलचा धूर येत नाही, हे सुख मला वातानुकूलनापेक्षाही मोलाचे वाटते. ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. मात्र राज्यातील बहुतांश वीज अजून कोळशावरच तयार होते. त्यामुळे आगारांच्या छपरांवर सौरऊर्जा आणण्याचे काम आता लांबणीवर टाकू नये. भाडे साध्या बसपेक्षा अधिक असले, तरी महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत इथेही मिळते.