बाबांचा बिल्ला गाडीवर: पसंतीच्या नंबरचे आठ महिने

पाडव्याला गाडी घ्यायची ठरली तेव्हा मॉडेल आणि रंगाच्या आधी नंबर ठरला होता, २७६३. बाबा एसटीत कंडक्टर होते, ठाण्यात खोपट डेपोला. हा त्यांचा बिल्ला नंबर. खाकीतला त्यांचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात बिल्ल्याचा तिसरा आकडा चामडी पिशवीच्या पट्ट्याखाली गेलाय. मोबाईलवर कितीही मोठा केला तरी दिसेना. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सहा आहे तो. शर्ट धुवायला घेताना रोज मीच काढून ठेवायचे."

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. २०२४ साली राज्यात पसंतीच्या नंबरांचे दर वाढले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागांत ६ लाख. ०००९, ९९९९, ०७८६ असे नंबर अडीच लाखांचे. पण आपला आकडा त्या आकर्षक नंबरांच्या यादीत नसेल तर खर्च एकदम खाली येतो. मला चार टायरांच्या सेटपेक्षा कमी लागले. लोक ०००१ च्या बातम्या वाचून हा नादच सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. नंबरांची नवी मालिका उघडताना एकाच नंबरला दोन अर्ज आले तर मात्र बंद पाकिटात जादा रकमेचा डीडी द्यावा लागतो आणि ज्याची रक्कम मोठी त्याला नंबर मिळतो. माझ्या आकड्याला दुसरं कोणी नव्हतं.

खरा मनस्ताप झाला तो शोरूममध्ये. हल्ली नव्या गाडीची नोंदणी डीलरकडूनच होते. त्यामुळे नंबर राखून ठेवल्याची पावती, त्याने कागद पुढे पाठवायच्या आत, त्याच्या हातात पडायलाच हवी. मी पावती दिली होती. तरी पाडव्याच्या चार दिवस आधी तिथल्या माणसाचा फोन, "साहेब, मुहूर्त गाठायचा असेल तर जो येईल तो नंबर घेऊ या, तुमचा नंतर बदलून देतो." असं नंतर सहज बदलून मिळत नाही. एकदा नंबर पडला की पडला. मी सरळ सांगितलं, मुहूर्त गेला तरी चालेल, नंबर हाच. पाडवा गेला. आठ दिवसांनी गाडी आली. आईला वाईट वाटलं आणि त्या माणसाचा राग मला अजूनही आहे, कारण पावती त्याच्या टेबलावर दोन आठवडे पडून होती. तुम्ही पावती द्याल तेव्हा पोच घ्या आणि रोज फोन करा.

आता वापराचं. सोसायटीच्या वॉचमनला, पार्किंगवाल्याला, गॅरेजमध्ये नंबर सांगताना कधी अडखळत नाही. आईसुद्धा घडाघडा सांगते. फास्टॅग शोरूमवाल्याने चेसिस नंबरावर काढला होता. नोंदणी झाल्यावर त्यात गाडीचा नंबर टाकून घ्यावा लागला. विम्याच्या पॉलिसीवरही नंबर चढवून घ्या, हे कोणी आपणहून सांगत नाही. आणि नंबरासाठी भरलेले पैसे आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत, धरले जात नाहीत, ती किंमत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दरावरून ठरते. म्हणजे हा खर्च गेलेलाच समजायचा. पुढे नंबर नवरा-बायको किंवा मुलांच्या नावावर करता येतो, ही सोय मला मोलाची वाटते.

पुतण्याला आकडे जरा वळवून लिहायचे होते, ४१४१ चं 'दादा' करतात तसे. ते करू नका. एचएसआरपी, म्हणजे सरकारने सक्तीची केलेली सुरक्षित नंबरपाटी, तिच्यावर अक्षरांचं वळण आणि माप ठरलेलं असतं. वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक, आणि पाटी बसवलेली असते ती न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने. ती काढून रस्त्यावरच्या दुकानातली लावली तर पसंतीचा नंबर असूनही दंड भरावा लागतो. मला तर ते साधे, सरळ आकडेच आवडतात. बिल्ल्यावरही तसेच होते.

बेरीज नऊ येते म्हणून घेतलात का, असं निदान दहा जणांनी विचारलं. बेरीज नऊ येते हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन खोपटला गेलो होतो. त्यांना गुडघ्यांमुळे उतरवत नाही, म्हणून ते मागच्या सीटवर बसून होते. स्टँडच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ पाटीसमोर थांबले. एकेक आकडा त्यांनी तोंडातल्या तोंडात वाचला आणि मला विचारलं, "सत्तावीस त्रेसष्ट कुठाय?" डेपोत बाबांना नावाने कमी आणि नंबरानेच जास्त हाक मारायचे, हे मला तेव्हा कळलं. मी मागची काच खाली केली.